'द राऊंड हाऊस' वाचताना : आजोबा झोपेत सांगतात ती गोष्ट

पानगळ

भिंतीत पिंपळ उगवला की काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. वर दोन कोवळी पानं दिसतात आणि ओढायला जावं तर मुळाने वीट धरून ठेवलेली असते. लुईज अर्ड्रिक यांची 'द राऊंड हाऊस' ही कादंबरी अशाच दृश्यावर उघडते. रविवारची दुपार आहे. तेरा वर्षांचा जो आणि त्याचे वडील घराच्या पायात घुसलेली झाडांची रोपं उपटतायत. वडील दमून आत जातात, पोरगा मात्र पेटलाय, तो थांबत नाही. मग कधीतरी दोघांच्याही लक्षात येतं की आई अजून घरी आलेली नाही.

साल १९८८, जागा अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातलं ओजिब्वे या मूळनिवासी जमातीचं रिझर्वेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेला प्रदेश. आईवर अत्याचार झालाय. ती जिवानिशी सुटून येते, पण नंतर खोलीचं दार लावून घेते आणि बोलायचंच थांबते. वडील बझिल हे जमातीच्या न्यायालयाचे न्यायाधीश, आणि हा खटला त्यांच्या न्यायालयाला चालवता येणार नाही!

मी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. 'सदर ठिकाण आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य बोटांना इतकं पाठ झालं होतं की डोळे मिटून टाइप करायचे. या बाईंनी त्या एका वाक्याची कादंबरी केलीय. राऊंड हाऊस म्हणजे जमातीची धार्मिक विधींची जुनी गोल इमारत, लाकडी ओंडक्यांची. तिच्या आसपास जमातीची जमीन, राज्याची जमीन आणि खासगी जमीन एकमेकींना खेटून आहेत. आईच्या डोक्यावर पिशवी होती, त्यामुळे नेमक्या कुठल्या तुकड्यावर काय झालं हे तिला सांगता येत नाही. ते कळल्याशिवाय कुठला कायदा लागू हे ठरत नाही, आणि तोवर आरोपी मोकळा.

धागा काढला तो मात्र कायद्यासाठी नाही, मूशमसाठी. मूशम म्हणजे आजोबा. शंभरी पार केल्याचा दावा करणारे, चावट, गोड खाण्यासाठी वाट्टेल ते करणारे. जो त्यांच्या खोलीत झोपायला असतो तेव्हा ते झोपेत एक जुनी गोष्ट सांगतात. तुकड्यातुकड्यांनी, दोन-तीन रात्री. नानापुश नावाचा मुलगा, उपासमारीचा हिवाळा, विंडिगो, एक म्हातारी बायसन. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, इथे तपास रंगात आलाय आणि लेखिकेने मध्येच कीर्तन लावलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मत फिरलं. तुम्ही कुणी वाचलीय का? त्या गोष्टीचं तुम्ही काय केलंत?

(पुढे शेवट फुटणार. ज्यांना वाचायचीय त्यांनी इथूनच परत फिरा.)

ढगफुटी

खरं सांगू? ती पानं मी उडवली. :) जो आणि त्याचे मित्र सायकलवरून पुरावे शोधत फिरतात तो भाग एक नंबर. ते 'स्टार ट्रेक'चं वेड, प्रत्येकाने कुठलं पात्र व्हायचं यावरून भांडणं, सगळं अगदी आमच्या बिल्डिंगमधलं. आजोबा सुरू झाले की मी पुढच्या प्रकरणाला. परीकथा वाचायचा मूड नव्हता.

आबा_चिंचवड

पानगळताई, छान ओळख करून दिलीत. आमच्या तरुणपणी रेड इंडियन म्हणजे मॅटिनीला घोड्यावरून आरोळ्या ठोकत येणारे आणि मध्यंतरानंतर पटापट मरणारे. ते लोक आज कुठे राहतात, काय खातात, त्यांच्यात न्यायाधीश असतात का, हा प्रश्न कधी पडला नाही याची या वयात जरा लाज वाटली. पुस्तक नातवाकडून मागवतो. एक शंका, विंडिगो म्हणजे आपला वेताळ का?

खडीसाखर

आबा, आधी एक छोटंसं. 'रेड' सोडून द्या, इकडे अमेरिकेत ती शिवी समजतात. 'इंडियन' मात्र कायद्यात आणि सरकारी खात्यांच्या नावांत अजून आहे. ओळखीचे लोक स्वतःला आधी जमातीच्या नावाने सांगतात, मी ओजिब्वे, मी डकोटा, असं.

विंडिगोचं वेताळाशी नातं जुळत नाही. वेताळ प्रश्न विचारतो, त्याच्याशी बोलता येतं. विंडिगो ही भूक आहे. उत्तरेकडच्या लांब हिवाळ्यात अन्न संपलं की माणूस माणसाकडे मांस म्हणून बघायला लागतो, तो विंडिगो. काळीज बर्फाचं, आणि जितकं खातो तितका मोठा होतो, म्हणून पोट कधी भरतच नाही. इथे उणे तीसमध्ये गाडीचं दार गोठलेलं असताना ही कल्पना कुणाला का सुचली असेल ते अंगाला कळतं.

मी मिनियापोलिसजवळ राहते. अर्ड्रिकबाईंचं पुस्तकांचं दुकान याच शहरात आहे, 'बर्चबार्क बुक्स'. छोटंसंच. आत चर्चमधली कबुलीजबाबाची जुनी लाकडी खोली ठेवलीय, आणि त्यांची पुस्तकं वाचलेल्या माणसाला ती बघून हसू येतंच. बाईंची आई ओजिब्वे, वडील जर्मन वंशाचे. दोघंही सरकारी निवासी शाळेत शिक्षक. बाई टर्टल माउंटन जमातीच्या सदस्य आहेत. ते रिझर्वेशन इथून सात-आठ तासांवर, पार कॅनडाच्या सीमेला टेकलेलं. कादंबरीतलं रिझर्वेशन काल्पनिक आहे, पण माती तिथलीच.

तिथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९२ च्या करारात या लोकांकडून जवळपास एक कोटी एकर जमिनीवरचा हक्क दहा लाख डॉलरला सोडवून घेतला. एकरी दहा सेंट. करारावर शिक्कामोर्तब व्हायला १९०४ उजाडलं. लोक त्याला अजून 'दहा सेंटांचा करार' म्हणतात.

काळाकोट

वकील आहे, त्यामुळे मूशमपेक्षा बझिल जवळचे वाटले. त्यातला स्वयंपाकघरातला प्रसंग मी दोनदा ज्युनिअर्सना वाचून दाखवलाय. जो वैतागून बापाला विचारतो, तुमच्या न्यायालयाला काडीचे अधिकार नाहीत तर तुम्ही हे करता कशाला? बझिल काही न बोलता फ्रिजमधून एक नासलेला कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) काढतात. कुणीतरी आणून दिलेला, बुरशी धरलेला. त्यावर काटे, सुऱ्या, चमचे एकावर एक रचत जातात. एकेक सुरी म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा एकेक निकाल, आणि तळाला सडका कॅसरोल. तिथे १८२३ चा जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश. ज्या युरोपीय सत्तेने भूमी 'शोधली' तिची मालकी, मूळच्या लोकांना फक्त वहिवाट, असं सांगणारा निकाल. सगळा डोलारा त्याच्यावर तोलून धरलाय.

मात्र बझिल ज्या एका निकालावर बोट ठेवतात तो १९७८ चा, ऑलिफंट विरुद्ध सुक्वामिश. बाहेरचा माणूस, म्हणजे जो 'इंडियन' नाही तो, रिझर्वेशनवर गुन्हा करून गेला तरी जमातीच्या न्यायालयाला त्याच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही. केंद्र सरकारच्या वकिलाने मनावर घेतलं तर घेतलं. आरोपी लिंडन लार्क गोरा आहे आणि त्याला हे सगळं पक्कं ठाऊक आहे.

जमिनीचे तुकडे कसे झाले तेही बघा. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींची सामाईक जमीन माणशी वाटून टाकली आणि उरलेली 'जादा' ठरवून बाहेरच्यांना खुली केली. आपल्याकडे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. पळवाटा काढणारे काढतात, तो वेगळा विषय. पण तिथे कायद्यानेच दार उघडून दिलं होतं. त्याचीच परिणती म्हणजे राऊंड हाऊसभोवतीचा तो बुद्धिबळाचा पट.

पुस्तक आलं २०१२ मध्ये, त्याच वर्षी त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. मार्च २०१३ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराच्या कायद्याचं नूतनीकरण करताना काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, घरगुती हिंसाचारापुरता हा अधिकार जमातींना परत दिला. अनोळखी माणसाने केलेला लैंगिक अत्याचार त्यातून सुटलाच होता. तो आत यायला २०२२ उजाडलं. म्हणजे जोच्या आईची केस २०१३ च्या कायद्यातही बसली नसती.

पानगळ

काळाकोट, १९७८ वाचून थबकले. मूळच्या लोकांना त्यांचे धार्मिक विधी उघडपणे करण्याचं संरक्षण देणारा कायदाही त्याच वर्षीचा. मार्चमध्ये न्यायालयाने अधिकार काढून घेतला आणि ऑगस्टमध्ये संसदेने देव परत दिले!

त्याआधी राऊंड हाऊसमध्ये काय चालायचं त्याचं वर्णन जरूर वाचा. पाद्र्याच्या मोटारीचे दिवे लांबच्या रस्त्यावर दिसले रे दिसले की ढोल, गरुडाची पिसं, चिलमी, भूर्जपत्रांच्या गुंडाळ्या, सगळं होडीत चढून तळ्याच्या मध्यावर. साहेब दारात पोहोचेपर्यंत मंडळी गंभीर चेहऱ्याने बायबल वाचतायत. मी मोठ्याने हसले. मग लक्षात आलं की ज्या इमारतीने इतकी वर्षं देव लपवून सांभाळले, त्या गुन्हेगाराने गुन्ह्यासाठी नेमकी तीच निवडली.

सातपुडा

उशिरा येतोय, नेट जेमतेम असतं. 'परीकथा' हा शब्द वर आलाय म्हणून लिहितो. ढगफुटी, राग मानू नका.

आमच्या भागात याहा मोगी या आमच्या देवीची कथा आहे. ती आम्ही 'मिथक' म्हणून ऐकत नाही. कोण कुठून आलं, धान्य कुणी दिलं, कुणाशी कसं वागायचं हे सगळं तिच्यात आहे. मी शाळेत शिकवतो. पाठ्यपुस्तकात अशी गोष्ट आली की खाली प्रश्न असतो, 'या दंतकथेतून काय बोध मिळतो?' पोरं गप्प बसतात. घरी आजी जे खरं म्हणून सांगते त्याला शाळेत दंतकथा म्हणायचं, हे त्यांना जमत नाही. सुरुवातीला मलाही जमलं नव्हतं.

कादंबरी मी वाचलेली नाही, धाग्यावरूनच बोलतोय. आजोबा झोपेत बोलतात म्हणून ते बरळतात असं धरू नये, इतकंच.

ढगफुटी

@सातपुडा, राग कसला. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री उडवलेली पानं वाचायला बसलो. आणि आता मला सगळ्यांशी भांडायचंय.

पुस्तकावर जिथे तिथे हेच वाचलं होतं की आजोबांच्या गोष्टीतून जोला कळतं, विंडिगोला मारायचं असतं, म्हणून तो लार्कला मारतो. दंतकथेने दिलेलं सुडाचं लायसन्स. पण मूशम सांगतात ती गोष्ट विंडिगोची नाहीच! ती खोट्या आरोपाची आहे. हिवाळा उपाशी गेलाय, नवरा उठून सांगतो की माझी बायको आकीक्वे विंडिगो झालीय, आणि बाकीचे पुरुष माना डोलावतात. ती बिचारी साधी बाई. तिच्या बाजूने उभा राहतो एकटा तिचा पोरगा नानापुश. नंतर म्हातारी बायसन भेटते, पोरगा तिला मारतो, वादळ सुटतं आणि तो तिच्याच कलेवरात शिरून जीव वाचवतो. त्या बायसनच्या शरीरासारखं घर बांध असं त्याला सांगितलं जातं. तेच राऊंड हाऊस.

कशासाठी बांधायचं? विंडिगो ठरवणं ही गंभीर गोष्ट आहे, एका भुकेल्या माणसाच्या शब्दावर ती होता कामा नये, सगळ्यांनी बसून नीट ठरवायला जागा हवी. म्हणजे हे कोर्टच झालं ना? मग जोने ऐकलं काय?

काळाकोट

उडवलेली पानं वाचून माणूस असा परत येणार असेल तर सर्वांनी आधी पानं उडवावीत. :)

मुद्दा बिनतोड आहे, पण बझिलची बाजूही मांडायला हवी. शेवटी ते जोला म्हणतात की वेळ आलीच तर आपण जुन्या परंपरेचा दाखला देऊन बचाव मांडू शकतो. लार्क विंडिगोच्या व्याख्येत बसतो, दुसरा कुठलाही मार्ग उरला नव्हता, म्हणून एका फार जुन्या कायद्याची ही अंमलबजावणी. आयुष्यभर सॉसेज-चोरीसारखे किरकोळ खटले काटेकोर चालवणारा माणूस हे बोलतो. का? तर लहानसहान खटल्यांचे निकाल निर्दोष दिले तर त्या पायावर कधीतरी मोठा अधिकार उभा राहील, असा त्याचा आयुष्यभराचा हिशोब होता. त्या पायाला सुरुंग लागलाय, तोही स्वतःच्या मुलाकडून. मग जी परंपरा हाताशी आहे तिचाच कायदा म्हणून आधार घेतो. वकील म्हणून मी हा युक्तिवाद डोळे झाकून केला असता.

पानगळ

केला असता, ठीक. पण पटला असता का?

बझिलचं ते बोलणं मला बापाचं वाटतं, न्यायाधीशाचं नाही. ढगफुटीने दाखवलं तेच बघा. गोष्टीत आरोप ठरवायला माणसं जमतात, चुकतात, आणि पुन्हा अशी चूक होऊ नये म्हणून इमारत उभी राहते. जोकडे कुठली बैठक आहे? कापी नावाचा जिवलग दोस्त, चोरलेली रायफल आणि गोल्फचं मैदान. लार्कचा अपराध खराच आहे, त्यात शंका नाही. तरी तेरा वर्षांच्या मुलाला एकट्याने ते ठरवावं लागलं. मोठ्यांची सगळी न्यायालयं, जमातीचं, राज्याचं, केंद्राचं, जमिनीचे नकाशे बघत बसली. त्यातही त्याचा नेम नीट लागत नाही, शेवटची गोळी कापीला घालावी लागते.

म्हणून गोष्ट हवी तेवढी ऐकून पोराने निर्णय घेतला असं मी वाचते. तेरा वर्षांची मुलं तेच करतात. आमच्या थोरल्याला त्या वयात रामायणातलं फक्त धनुष्यच दिसायचं.

खडीसाखर

यात एक तपशील घालते. ओजिब्वे परंपरेत या पवित्र गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या असतात, जमिनीवर बर्फ असताना. इथल्या वाचनालयातही असे कार्यक्रम थंडीतच ठेवतात. मी एकदा जुलैमध्ये भाबडेपणाने एका आजींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बर्फ पडलं की ये. आणि तळणीतला फ्रायब्रेड माझ्या ताटात टाकला.

कादंबरी घडते उन्हाळ्यात. म्हणजे मूशम बिनहंगामात सांगतायत. झोपेत आहेत म्हणून त्यांना माफ, की झोपेत आहेत म्हणूनच सांगू शकतात? जागेपणी ते पोरांना फक्त वाह्यात किस्से सांगतात. लेखिकेने ही पळवाट मुद्दाम ठेवली असावी असा माझा संशय. आणि बिनहंगामात ऐकलेली गोष्ट पोराला पचली नाही, असंही वाचता येईल.

सातपुडा

हे पटलं. आमच्याकडेही गाणी आणि कथा कधीही, कुठेही म्हणत नाहीत, त्यांचे दिवस ठरलेले असतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा सादर करायला सांगितल्या तेव्हा एका पालकाने शांतपणे मुलीला घरी नेलं होतं.

आईबद्दल कुणीच लिहिलं नाही. ती नोकरी काय करायची?

पानगळ

राहूनच गेलं बघा, आणि तेच महत्त्वाचं. जेराल्डीन जमातीच्या नोंदणी कार्यालयात काम करते. कोण कुणाचं मूल, कुणाचे आजी-आजोबा कोण, जमातीचं सदस्यत्व कुणाला द्यायचं, हे सगळं तिच्या कपाटात आणि त्याहून जास्त तिच्या डोक्यात. आपल्या जातपडताळणीच्या फायली डोळ्यांपुढे आणा, फक्त इथे फाइलवाली बाई गावातल्या प्रत्येकाची गुपितं जाणते आणि कुणापाशी बोलत नाही. हल्ल्याच्या दिवशी ती एक फाइल आणायला गेलेली असते. एका तरुण मुलीने तिच्या बाळाच्या बापाचं नाव त्यात नोंदवायला दिलेलं असतं. आई गप्प का, याचं उत्तर त्या फायलीत आहे. त्या मुलीचा आणि बाळाचा जीव तिच्या तोंड न उघडण्यावर टांगलाय.

नानापुशच्या गोष्टीतही पुरुषांच्या बडबडीत बाई गप्पच आहे. तिच्या बाजूने मुलगा उभा राहतो, इथेही मुलगाच. फक्त नानापुश आईला वाचवतो. जो पोहोचतो तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

ढगफुटी

हे लक्षात नव्हतं आलं. बसतो परत वाचायला. नोकरी जाणार माझी.

आबा_चिंचवड

पुस्तक आलं. पाच दिवसांत संपवलं, डोळ्यांत औषध घालून घालून. कायदा काळाकोटांनी समजावला होता म्हणून अडलो नाही. मूशम फार आवडले, वयाचा परिणाम असेल.

तुम्ही सगळे गोळीपाशी थांबलात. मी त्याच्या पुढच्या पानांत अडकलोय. पोरं गाडी घेऊन मोंटानाकडे निघतात, कापीला त्याची मैत्रीण गाठायची असते. अपघात होतो आणि कापी जातो. जोला न्यायला आईवडील येतात. परतीच्या रस्त्यावर, रिझर्वेशनची हद्द लागण्याच्या जरा आधी एक हॉटेल आहे. लहानपणापासूनच्या प्रत्येक प्रवासात यांची गाडी तिथे थांबायची. पोराला आइस्क्रीम, मोठ्यांना कॉफी, वर्तमानपत्र. या वेळी हॉटेल दिसतं आणि मागे जातं. गाडीत कुणी काही म्हणत नाही.

आमची एसटी कोकणातून येताना ज्या टपरीशी थांबायची ती मला अजून नावानिशी आठवते. वडील गेले त्या खेपेला ड्रायव्हरने गाडी थांबवली होती, पण आम्ही कुणी उतरलो नाही. पन्नास वर्षं झाली. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही, इथे का लिहिलं कोण जाणे.

पानगळ

आबा, बरं केलंत लिहिलंत.

खडीसाखर

आबा. __/\__

ढगफुटी

आबा, आइस्क्रीमचं पान कितवं? माझ्या प्रतीत मी बहुतेक तेही उडवलंय.